मधला नि

पाणी गोड लागले.

पहिल्या घोटाला तिला वाटले, पेल्यात आधीचे काही राहून गेले असेल. तिने दुसरा घोट घेतला, तो जिभेवर मुद्दाम थांबवला, आणि मग ओट्याच्या कडेला हात टेकून ती तशीच उभी राहिली. चव नसणे हाच ज्याचा गुण, ते ताकदीचे चूर्ण तिच्या पेल्यात गोड झाले होते. रोज सकाळी ती तो पांढरा डबा उघडी, आतला मापाचा चमचा बोटाने सपाट करी, पाण्यात टाकून ढवळी. आणि कितीही ढवळले तरी तळाशी वाळूसारखी बारीक कणी उरेच. शेवटच्या घोटाबरोबर ती दातांखाली करकरे. त्या करकरीची तिला सवय झाली होती. दिवस सुरू झाल्याची ती खूणच होती म्हणा ना. आज पेला खिडकीच्या उजेडापुढे धरला तर तळ निर्मळ. सगळे विरघळले होते, आज्ञाधारकपणे. तिने डब्यात बोट घातले, जिभेला लावले. ग्लुकोज. तापातून उठलेल्या मुलांना देतात ते. याच ओट्याशी उभे राहून तिने ते आपल्या मुलाला पाजलेले होते, हनुवटीखाली हात धरून, "शहाणं माझं बाळ ते" असे म्हणत. आता त्या बाळाने ते तिला पाजले होते, आणि म्हणण्याची तसदीही घेतली नव्हती.

कोणी केले हे शोधण्याचे कारणच नव्हते. रविवारी मुलगा आला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन स्वयंपाकघरात शिरला होता. "तू बस गं आई, मी टाकतो चहा." ती बसली होती. बसली होती आणि मनात सुखावलीही होती, हे आठवून तिचे कान तापले. चहात साखर नव्हती. ती तशीच प्यायली, त्याला वाईट वाटू नये म्हणून. गोडवा दुसऱ्याच डब्यात जाऊन पडला होता. त्याने मूळचे चूर्ण कुठे ओतले असेल? मोरीत, पाणी सोडून, आवाज नको म्हणून बारीक धार धरून. ती बारीक धार तिला आता ऐकू येऊ लागली. राग असा एकदम आला नाही. तो पोटऱ्यांतून, मांड्यांतून, पाठीच्या कण्यावरून एकेक मणका चढत वर आला. आणि तो चढत असताना तिच्या ध्यानात आले की वर्षभरापूर्वी या रागाला उभे राहायला तिच्या अंगात जागाच नव्हती. तेव्हा ती रागावली की थरथरे, आणि थरथरली की रडे. आज हात टेकलेला होता आणि हात स्थिर होता.

पलीकडच्या खोलीत नवरा जागा झाला होता. पलंगाच्या कठड्यावर त्याचे डावे बोट वाजले: एकदा, मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा. ही हाक नव्हती, नुसती सकाळची वर्दी होती. उजवी बाजू गेली त्याला आता दुसरे वर्ष. त्याला उठवणे, पलंगावरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून परत, हे सगळे तिच्या अंगावर. दिवसातून किती वेळा, ते तिने कधी मोजले नाही, जसे कोणी आपले श्वास मोजत नाही. आणि मुलाचे म्हणणे एवढेच होते की हे तिला झेपणार नाही. झेपत नसेल तर बाबांना शुश्रूषागृहात ठेवायचे. त्याने जागा पाहून ठेवली होती. आज सकाळी तिथल्या बाई घरी यायच्या होत्या, "नुसत्या बघायला गं." सारा प्रश्न एका वाक्याचा होता: ती त्याला उचलू शकते, की नाही. ती उचलत होती. आणि ज्याने प्रश्न विचारला त्यानेच डब्यात ग्लुकोज भरले होते.

एके काळी तिला झेपले नव्हते, हे खरे. पक्षाघातानंतरच्या त्या पहिल्या पावसाळ्यात पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये तिचे गुडघे एकाएकी कागदाचे झाले, आणि दोघेही हळूहळू, जणू ठरवून, जमिनीवर बसले; बसले ते आडवे झाले. तो तिच्या अर्ध्या अंगावर. त्याला बोलता येत नव्हते, तिला हलता येत नव्हते. फरशी गार होती. पलंगाखाली एक कंगवा पडलेला तिला दिसत होता. किती दिवस शोधत होती ती तो. त्या स्थितीतही तिच्या मनात आले, सापडला एकदाचा. मुलाने संध्याकाळी स्वतःच्या किल्लीने दार उघडले तोवर ती त्या कंगव्याकडे पाहत होती. पुढे व्यायाम करवून घ्यायला जी फिजिओथेरपिस्ट येई तिने नवऱ्याचा पाय वाकवता वाकवता सहज म्हटले, "काकू, पेशंटच्या पायात जोर येतोय. तुमच्याच नाहीये." बोलणाऱ्या बाईला ते आठवतही नसेल. तिला मात्र ते वाक्य मुद्रिताच्या समासात काढलेल्या तांबड्या खुणेसारखे दिसत राहिले. मुद्रिते तपासण्यातच तिचा जन्म गेला होता, एका कोश छापणाऱ्या प्रकाशनसंस्थेत. खूण दिसली की चूक दुरुस्त करायची, चुकीशी वाद घालायचा नाही, हा तिथला शिरस्ता.

म्हणून ती व्यायामशाळेत गेली. तळघरातली ती लांबट खोली, भिंतभर आरसे, रबराचा आणि घामाचा वास, आणि कुठल्या तरी गाण्याचा नुसता ठोका, गाणे नाहीच. तिथल्या शिक्षकाला सगळे वस्ताद म्हणत. एके काळी भारोत्तोलनाच्या स्पर्धांत उतरलेला, आता पोट सुटलेला, मानेवर टॉवेल. तिने आपले काम सांगितले. त्याने हसायला हवे होते. बाकीचे आरशातून हसतच होते. तो म्हणाला, "वजन किती त्यांचं? ... बरं. म्हणजे ताई, तुम्हाला माणूस उचलायचाय. मग लोखंडापासून सुरुवात करू. लोखंड घाबरत नाही आणि हलत नाही, शिकायला बरं." पहिले कित्येक दिवस त्याने तिला नुसते खुर्चीवरून हात न लावता उठायला लावले. ती चिडली. "हे मला येतं." "येतं ना? मग सावकाश करून दाखवा. आणखी सावकाश. आता बघा, येतं का." नाही येत. साठी ओलांडलेल्या बाईला खुर्चीवरून उठता येत नाही, ती इतकी वर्षे नुसती स्वतःला पुढे फेकत आली आहे, हे आरशात पाहणे म्हणजे केवढा अपमान. आणि तरी त्या अपमानात काही स्वच्छ होते, कारण तो कोणी दुसऱ्याने केलेला नव्हता.

तिला तिची आई आठवे, तिथे, आरशापुढे. आई तिला लांब बाह्यांची पोलकी शिवी, कारण मुलीचे दंड भरलेले होते. "मुलीची जात, झाकलेली बरी." शाळेत गोळा फेकून तिने एकदा मैदानावरच्या पांढऱ्या रेघेच्या पलीकडे खळगा पाडला होता, आणि घरी येऊन कोणाला सांगितले नव्हते. लग्न ठरवताना पाहुण्यांतल्या एका आजीबाईंनी तिच्याकडे न पाहता तिच्याबद्दल म्हटले होते, "चांगली आहे, जरा राकट वाटते." राकट. तो शब्द तिने पुढे कोशाच्या पानांत पाहिला, त्याच्या व्युत्पत्तीसह, आणि त्यावरून डोळा चटकन पुढे नेला. मग वर्षानुवर्षे तो राकटपणा आपण होऊन विरत गेला: खुर्चीत बसून, दिव्याखाली वाकून, अनुस्वार शोधत. दंड लोंबू लागले तेव्हा कोणी काही म्हणाले नाही. बाईचे अंग दुबळे होत गेले की त्याला कोणी नाव ठेवीत नाही. नाव ठेवतात ते उलट दिशेला निघाली की. नणंदेचा फोन आला होता: "काय वहिनी, दंड थोपटताय म्हणे! दादाला सांभाळून हं, आधीच अर्धा राहिलाय तो." आणि स्वतःच्याच विनोदावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. हिने ठसका थांबेपर्यंत वाट पाहिली आणि फोन ठेवला.

चूर्णाची गोष्ट वस्तादानेच काढली, तीही लोखंड जरा वजनदार झाल्यावर. "ताई, मोठी माणसंही घेतात हे. क्रिएटिन. आपलं शरीर स्वतःच बनवतं थोडंफार, स्नायूंत साठवतं. जड उचलायच्या क्षणी उपयोगी पडतं. पण आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि एक सांगतो, डबा काही उचलत नाही. उचलायचं तुम्हालाच." ती डॉक्टरांकडे गेली, रक्त तपासून घेतले, डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या, मगच तिने डबा आणला. रोज एक सपाट चमचा, शीग नाही. त्या सपाट चमच्याचा तिला लळा लागला. आयुष्यभर जे केले ते दुसऱ्यांच्या वाक्यांतले न्यून भरून काढण्याचे. हे एक माप होते जे तिच्या अंगात जात होते, तिथेच राहत होते, आणि ज्याचा हिशेब दुसऱ्या कोणाकडे नव्हता. काही महिन्यांनी एका सकाळी तिने नवऱ्याला उठवले आणि तो खुर्चीत बसल्यावर तिच्या लक्षात आले की उठवताना ती दुसऱ्याच कशाचा तरी विचार करीत होती, दूध उतू जाईल का याचा. त्या दिवशी तिने दूध खरोखरच उतू जाऊ दिले.

आणि मग तो अहवाल. पुढच्या तपासणीचा निकाल मुलाच्या फोनवर गेला, कारण प्रयोगशाळेत क्रमांक त्याचा दिलेला होता. आईच्या रक्ताची बातमी आधी मुलाला, मग आईला. त्याने कार्यालयातूनच फोन केला. "आई, तुझी ती पावडर रक्तात सापडली! इथं लिहिलंय, ठळक अक्षरात, पुढे चांदणी. क्रिएटिन, प्रमाणापेक्षा जास्त. किडन्या चालल्यात तुझ्या!" तिने विचारले, "नीट वाच. काय लिहिलंय?" "तेच गं. क्रिएटिनिन." "मधे नि आहे ना?" "काय?" "क्रिएटिन नव्हे, क्रिएटिनिन. मधे एक नि आहे. ते पावडरीचं नाव नाही. पावडर वापरून झाल्यावर जे उरतं त्याचं नाव आहे ते." तिकडून एक सुस्कारा आला, जो ती त्याच्या बारशापासून ओळखत होती. "आई, तुझ्या प्रकृतीचं बोलतोय मी. प्रुफं नको तपासूस." एवढ्यावर त्याने तिचे आयुष्य बाजूला ठेवले. जणू अक्षर म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा छंद. जणू एका अक्षराने जगण्यामरण्यात काही फरक पडतच नाही.

ती एकटी डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी अहवाल पाहिला, तिचे दंड पाहिले, आणि हसल्या. "असं बघा. घरात पाहुणे वाढले की कचरा वाढतोच. त्यावरून कचरेवाला आजारी आहे असं होत नाही. पण आजारी नाही असंही गृहीत धरायचं नाही. दुसरी एक तपासणी असते, ती स्नायूंना आणि पावडरीला भुलत नाही. ती करू." ती केली. ती स्वच्छ निघाली. "चालू ठेवा. पाणी प्या भरपूर. अधूनमधून बघत राहू." हे सगळे तिने मुलाला अक्षरशः सांगितले होते, बाईंना फोन करायला लावून त्यांच्या तोंडून ऐकवले होते. तो "हो, हो डॉक्टर, समजलं" म्हणाला होता. आणि रविवारी चहा करायला उठला होता.

म्हणजे हा राग पावडरीचा नव्हता. पेला मोरीत ओतता ओतता तिने तो राग वेगवेगळा करून पाहिला. चार दिवस चूर्ण गेले नाही म्हणून तिचे हात गळून पडणार नव्हते. वस्ताद ऐकता तर हसला असता. तिला खोटे बोलले गेले होते एवढेही नव्हते; खोटे बोलणे हे निदान समोरासमोर करावे लागते. तिच्याशी काही बोललेच गेले नव्हते. वृद्धांच्या घासात औषध लपवतात, मांजरांच्या दुधात जंतनाशक घालतात, तसे तिच्या तोंडात तिच्या नकळत दुसऱ्याचे मत घातले गेले होते. आणि तिने ते गिळले होते. कालही. परवाही? कालपर्यंत सर्दीने तोंडाला चव नव्हती, करकरीकडेही लक्ष गेले नव्हते. म्हणून तर आज कळले.

कोशाच्या कामावर नवीनच लागली होती तेव्हाची एक नोंद तिला आठवली. तेव्हा लग्नालाही फार दिवस झाले नव्हते. भार्या: जिचे भरण करावयाचे ती. भर्ता: भरण करणारा, धारण करणारा. दोन्ही एकाच धातूची लेकरे. तिने ऱ्हस्वदीर्घ पाहिले, रफार पाहिला, अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग नाही याची खात्री केली, आणि समासात बरोबरची खूण केली. मुद्रण निर्दोष होते. तेव्हा तिला त्या नोंदीत गोडवाच वाटला होता, कोणी तरी आपल्याला धारण करील याचा. आज ती पलीकडच्या खोलीत जाऊन त्या भर्त्याच्या पाठीखाली हात घालणार होती. त्याचा तिला त्रास नव्हता. त्रास याचा होता की धारण करणे हे काम एवढे पूज्य, की त्यावरून नवऱ्याला नाव मिळाले, देवांना विशेषणे मिळाली. आणि तेच काम तिने अंगावर घेतले तेव्हा घरातल्यांना ते हास्यास्पद वाटले, मग धोकादायक, आणि आता लपवून बंद पाडण्याजोगे.

घंटा वाजली. तिने डब्यातले दोन चमचे, शिगोशीग भरलेले, दुसऱ्या पेल्यातल्या पाण्यात टाकले, ढवळले आणि पेला हातात घेऊनच दार उघडले. मुलगा होता, मागे शुश्रूषागृहाच्या बाई, नीटनेटक्या, पायांत आवाज न करणाऱ्या चपला. बाईंना तिने बसायला सांगितले. मुलाच्या हातात पेला दिला.

"पी."

"काय आहे?"

"पी म्हटलं ना."

त्याने एक घोट घेतला, आणि त्याचा चेहरा शाळेत निकाल लागला की व्हायचा तसा झाला.

"आई, ग्लुकोज आहे. त्यानं काही अपाय होत नाही."

"विष असतं तरी प्यायले असते. माझ्याच डब्यातलं, माझ्याच चमच्यानं. शंका कुणाची घ्यायची? कळलं कधी असतं मला?"

"कळणार नाही असंच वाटलं होतं मला," तो म्हणाला. बाईंकडे पाहून त्याने आवाज उतरवला. "पंधरा दिवसांत ताकद कमी झाली असती, आणि तुझं तूच म्हणाली असतीस, की आता नाही जमत. मी म्हटलं की तू ऐकत नाहीस. म्हणून..."

तो बोलला आणि त्या बोलण्याचा अर्थ खोलीभर फिरून मग त्याच्यापाशी पोहोचला, असे तिला दिसले. ती फार हळू म्हणाली, "म्हणजे माझ्या हातून ते कधी पडतात, याची वाट बघत होतास तू."

"असं काय बोलतेस गं!"

"मग कसं बोलू? जमत नाही हे मला कधी कळलं असतं? ते पडल्यावरच ना?"

बाई उठू लागल्या. "मी जरा बाहेर थांबते..." "बसा तुम्ही," ती म्हणाली, आणि मुलगा एकदम, बाईंसमोरच, मोठ्याने बोलला: "तुम्ही दोघं खाली पडला होता ना, तेव्हा दार मी उघडलं होतं! तू नव्हे, मी! मला वाटलं, दोघंही गेलात. अजून किल्ली फिरवताना माझा हात थांबतो. बाबांचं जे झालं ते झालं. तुला पण जाऊ देऊ? त्यांच्यापायी?" त्याच्या गळ्यातली शीर फुगली होती. त्या क्षणी तिला त्याची दया आली, आणि त्या दयेने राग काही कमी झाला नाही. दोन्ही शेजारी शेजारी उभे राहिले, एकमेकांना न ओळखता. तो भ्यालेला होता. पण भ्यालेल्या माणसाने ओरडावे, हात धरावा, रडावे. डबा बदलू नये.

बाई मधे पडल्या, समजुतीच्या सुरात. "आई, तुम्ही करता आहात ते कोणी करत नाही हो. पण आमच्याकडे उचलायला दोघं असतात, एक खांद्याकडून, एक पायाकडून. रात्रंदिवस माणूस. दारांना आतून कड्याच ठेवलेल्या नाहीत आम्ही, म्हणजे केव्हाही, काही झालं तरी पटकन आत जाता येतं." त्यांना त्या कड्या नसण्याचा मनापासून अभिमान होता. "आजोबांना भेटू का?" मुलगा म्हणाला, "मी विचारलंय बाबांना रविवारी. ते हो म्हणाले."

"हो म्हणाले?" ती म्हणाली. "या."

नवरा उशीला टेकून बसला होता, कालच केलेली दाढी, केस विंचरायचे राहिलेले. बाई वाकल्या आणि बहिऱ्याशी बोलावे तशा म्हणाल्या, "काय आजोबा! येणार ना आमच्याकडे?"

"हो," तो म्हणाला.

मुलाने तिच्याकडे पाहिले. तिने पलंगाजवळ जाऊन नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत विचारले, "अहो, मी तुमची सासू ना?"

"हो."

"आणि हा आपला मुलगा, हा पंतप्रधान आहे?"

"हो."

बाई हसल्या, आणि हसल्याबरोबर त्यांनी तोंडावर हात ठेवला. नवऱ्याच्या चेहऱ्याची चालती बाजूही किंचित वर गेली. ऐकत तर तो सगळे होता. "तोंडात एवढाच एक शब्द राहिलाय त्यांच्या," ती म्हणाली. "दुखलं तरी तोच, नको असलं तरी तोच. दीड वर्ष झालं, आणि हे मुलाला ठाऊक नाही. मी त्यांचं बोलणं तोंडावर वाचत नाही. हात बघते." बाई आपल्या कामाशी काम ठेवणाऱ्या होत्या. "रागावू नका, पण एकदा मला दाखवाल, कसं उठवता ते? म्हणजे मलाही मुलाला सांगता येईल."

ती दाखवणार नव्हती. तिने ते तत्काळ ठरवले, आणि त्या ठरवण्याने तिला बरे वाटले. ज्या माणसाबरोबर संसार केला त्याला परक्यांपुढे वजनासारखा उचलून दाखवायचा, आणि गुण मिळवायचे? व्यायामशाळेत लोखंड होते. लोखंडाला लाज नसते. "मी परीक्षा देणार नाही," ती म्हणाली. मुलगा म्हणाला, "बघ, म्हणजे आतून तुलाही खात्री नाहीये." एवढ्या एका वाक्यासाठी त्याला उत्तर द्यावे असे तिच्या जिभेवर आले, दंड, पाठ, पाय, सगळे उत्तराला सिद्ध होते. आता, याच क्षणी, यांच्या देखत. तेवढ्यात चादरीवर नवऱ्याचा डावा हात मुठीसारखा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. ही वर्दी नव्हती. ही घाई होती.

"बाहेर व्हा," ती म्हणाली. "दोघंही."

"आई, मी धरतो ना पाय..."

"बाहेर हो म्हणते ना! त्यांना जायचंय."

ते गेले. मुलाने जाताना दार नुसते ओढून घेतले, बोटभर फट ठेवून. काही झाले तर ऐकू यावे म्हणून असेल. तिने चाकांची खुर्ची पलंगाला लावली, चाके अडकवली, नवऱ्याच्या कमरेला पट्टा बांधला, त्याचे दोन्ही पाय जमिनीवर नीट ठेवले, त्याच्या दुबळ्या गुडघ्यापुढे आपला गुडघा टेकवला. वाकली, पाठ सरळ ठेवून. पट्टा धरला. श्वास भरला. आणि तो आला नाही.

त्याने कठडा धरून ठेवला होता. चालत्या हाताची बोटे पांढरी पडली होती. तिने पाहिले; तिला वाटले दुखते आहे, मग वाटले भ्याला आहे. "अहो, सोडा. मी आहे." "हो," तो म्हणाला, आणि कठडा आणखी घट्ट धरला. त्याचे डोळे तिच्यावर नव्हते. तिच्या खांद्यावरून ते दाराकडे लागले होते, त्या बोटभर फटीकडे, जिच्यातून बाहेरच्या खोलीतला उजेड आणि मुलाच्या बुटाचे टोक दिसत होते. उभ्या आयुष्यात त्याने न्हाणीघराचे दार कधी उघडे टाकले नव्हते. लग्नाला वर्षे लोटल्यावरही आत जाताना तो दोनदा तपासून कडी लावी. त्याला काय हवे आहे, हे या घरात कोणी त्याला विचारले होते? मुलाने विचारले, पण हो ऐकायला. बाईंनी विचारले, पण कामापुरते. तिने तर विचारलेही नव्हते. ती नुसती उचलत होती. आता तो स्वतःच सांगत होता, उरलेल्या एका हाताने.

तिने पट्टा सोडला, सरळ झाली, दाराशी गेली आणि कडी लावली. ती बरेच दिवस लागली नव्हती; जरा करकरली, मग बसली. बाहेर मुलाचा आवाज आला. "आई? कडी का लावलीस? आई, मी आत येऊ का?" मग बाईंचा, खालच्या पट्टीत, पण स्वच्छ ऐकू येईल असा: "राहू द्या हो. मी निघते. तुम्हीही थोडं अंगणात चला माझ्याबरोबर." "अहो, पण तुम्ही बघितलंच नाहीत अजून..." "बघितलं," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे त्यांना हे नाही मिळायचं." आवाज न करणाऱ्या चपला निघाल्या. त्यांच्यामागून, थांबत थांबत, बूट.

ती परत आली. वाकली. गुडघ्याला गुडघा लावला, पट्टा धरला. नवऱ्याने कठड्यावरची बोटे एकेक करून सोडली, आणि तो हात वर आणून तिच्या मानेवर ठेवला. मग त्याने स्वतःला तिच्यावर सोपवले. थोडे थोडे नव्हे, काही मागे न ठेवता. तो केवढा जड होता! आजवर तो इतका जड कधीच नव्हता. आजवर त्याने आपले थोडेसे वजन नेहमी आपल्यापाशीच राखून ठेवले असले पाहिजे, हे तिला आता कळले. तिच्या मांड्या पेटल्या, टाचा फरशीत रुतल्यासारख्या झाल्या, कपाळावरची शीर टिकटिकू लागली. बोलायला श्वास नव्हता आणि बोलण्याचे काही उरलेही नव्हते. ती उठू लागली.